लॉटमधला एक पीस

“मॅडम, तुम्ही परत विचारायला आल्या, म्हंजी काहीतरी घावलंच ना?”

निवृत्तीभाऊंनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. सिन्नरला त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो. त्यांच्या पत्नी शांताबाई आत पोह्यांना फोडणी घालत होत्या. हॉस्पिटलच्या कमिटीनं मला बजावून पाठवलं होतं, परवानगी फक्त पुन्हा विचारायची, काय सापडलंय याचा चकार शब्द काढायचा नाही. मी काढलाही नव्हता. माणसानं माझं तोंड बघून ओळखलं.

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. आणि इथं तर कमिटीच्या शिक्क्यानं लपवायला सांगितलं होतं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. पूर्वी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. गुडघे कुरकुरायला लागले, तासन् तास उभं राहवेना, तेव्हा साहेबांनी मला या खुर्चीवर बसवलं. साहेब म्हणजे आमचे यूरोसर्जन. प्रोस्टेटची ऑपरेशनं तेच करतात. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कॅन्सर झाला आणि तो बाहेर पसरलेला नसला, तर ती अख्खी काढून टाकतात.

काढलेल्या ग्रंथीतला एक बारीकसा तुकडा आणि दोन नळ्या रक्त संशोधनासाठी द्याल का, एवढं विचारायचं ही माझी नोकरी. नेहमीच्या तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. आमचा तुकडा तसाच, कोरडा, ताबडतोब उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरमध्ये. फॉर्मॅलिन लागलं की संशोधनाच्या दृष्टीनं त्याची माती. नमुन्यावर नाव नसतं, कोड नंबर असतो. तो नंबर कुणाचा हे फक्त आमच्या हॉस्पिटलात कळतं, बाहेरच्या लॅबला नाही.

लोक विचारतात, तुकडा घेता तर रक्त कशाला? तुकड्यात सापडतं ते कॅन्सरनं केलेलं. रक्तात सापडतं ते माणसानं जन्माला येताना आणलेलं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही.

मग लोक विचारतात, रिपोर्ट कधी मिळेल? तर मिळणार नाही. तुमच्या उपचारात याचा काही फायदा? नाही. मग कोणाला? पुढे कधीतरी, कुणाला तरी. हे सगळं स्पष्ट सांगायचं आणि वर सही मागायची. इतका वाईट माल विकायची वेळ कुठल्या सेल्समनवर आली नसेल.

निवृत्तीभाऊंना मात्र मला विकावं लागलंच नाही. ते सिन्नरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. नुकतेच रिटायर झालेले. मी सँपल म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला.

“आमचं बी आयुष्य त्यातच गेलं की! लॉट आला, की त्यातले पाच-दहा पीस उचलायचे. व्हर्नियर लावून माप घ्यायचं. एक पीस जरी खराब घावला तरी लाल टॅग अडकवून सगळा लॉट परत. सगळे कोण तपासत बसतंय? घ्या तुम्ही, जेवढा पायजे तेवढा तुकडा घ्या. नाहीतरी फेकूनच द्यायचाय ना?”

“भाऊ, सगळं ऐकून तर घ्या.”

“ऐकतोय की. बोला.”

सगळं ऐकलं. प्रश्नही चांगले विचारले. शेवटचा मुद्दा मात्र अवघड होता. एरवी आम्ही कुणाला काही कळवत नाही, पण एक अपवाद आहे. रक्तात घराण्यातून आलेला दोष सापडला आणि तो मुलाबाळांच्या जिवाशी निगडित असला, तर ते तुम्हाला कळवायचं का? हो किंवा नको.

सोबत आलेला मुलगा किरण औषधं आणायला खाली गेला होता. भाऊंनी दाराकडं पाहून घेतलं.

“नको.”

“भाऊ, नीट विचार करा. मुलांच्या भल्याचंच...”

“माझी पोरगी लग्नाची हाय मॅडम. अश्विनी. तिला स्थळं बघतोय. मला कॅन्सर हाय हे लोक म्हातारपणाचं दुखणं म्हणून चालवून घेतील. पण घराण्यात हाय, रक्तात हाय, असं कळलं तर? आत्ताच तर म्हटलं तुम्हाला, एक पीस खराब घावला की लॉट परत जातो. लोकं बी तेच करत्यात. नको म्हंजी नको.”

आग्रह करायचा नाही असा नियम आहे. मी सहीसाठी फॉर्म पुढं केला, पण मनात म्हटलं, काय भित्रा माणूस आहे! स्वतःच्या पोरीपेक्षा लोकांचं पडलंय.

ऑपरेशन झालं. तुकडा फ्रीजरमध्ये गेला, मग बाकीच्या नमुन्यांबरोबर दुसऱ्या शहरातल्या लॅबकडे. भाऊ तपासणीला यायचे तेव्हा माझ्या केबिनमध्ये डोकावल्याशिवाय जायचे नाहीत. “काय म्हणतोय आमचा पीस?” हा ठरलेला प्रश्न. एकदा पेढे घेऊन आले. अश्विनीचं जमलं होतं, चांदवडकडचं स्थळ. मुलगा पुण्याला इंजिनिअर. शांताबाईंच्या भावानं, म्हणजे मुलीच्या मामानं जमवून आणलेलं. साखरपुडा झाला, लग्न उन्हाळ्यात धरलं.

आणि त्याच सुमारास भाऊंची पाठ दुखायला लागली. स्कॅनमध्ये दिसलं, आजार हाडांत उतरला होता. इंजेक्शनं सुरू झाली. माणूस वाळत चालला.

लॅबची मेल आली ती अशा वेळी. कोड नंबर रजिस्टरशी ताडून पाहिला, निवृत्तीभाऊंचाच. रक्तात बीआरसीए-टू नावाच्या जनुकात दोष. हा दोष पुरुषात असला तर प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर आणि जहाल होऊ शकतो. बाईत असला तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा. आधी कळलं तर वेळेवर तपासण्या करता येतात, जीव वाचतो. नाही कळलं तर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मी तशीच साहेबांकडे गेले.

“सर, यांनी ‘नको’ म्हटलंय.”

“मग आपले हात बांधलेले आहेत.”

“मुलगी आहे त्यांना. सव्वीस-सत्तावीसची. साखरपुडा झालाय. पेढे खाल्लेत मी.”

“सुनंदाताई, पेढे प्रोटोकॉलमध्ये येत नाहीत.”

“मग काय करायचं? फ्रीजर बंद करून गप्प बसायचं?”

साहेब माझ्यावर चिडत नाहीत, थिएटरपासूनची सवय आहे त्यांना. त्यांनी प्रकरण एथिक्स कमिटीपुढं ठेवलं. संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना, हे पाहणारी ही कमिटी. त्यात डॉक्टर असतात, एक वकील असतात, एक बाहेरचे सामान्य नागरिक असतात. वकीलसाहेब म्हणाले, न कळण्याचाही माणसाला हक्क असतो. मी म्हटलं, बापाला असेल, पण पोरीला कुणी विचारलंय? मला बोलायची परवानगी नव्हती, तरी बोलले. बराच खल झाला. शेवटी ठरलं, त्यांची प्रकृती बदलली आहे, तेव्हा त्यांना एकदा पुन्हा विचारावं. फक्त विचारावं.

म्हणून मी सिन्नरला, हातात चहाचा कप घेऊन.

“भाऊ, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मला काहीच बोलता येत नाही,” मी म्हटलं.

“म्हंजी घावलंय.” त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “लग्न होस्तवर थांबता येईल?”

“थांबता येईल. पण थांबा, असं माझ्या तोंडून निघणार नाही.”

तेवढ्यात फाटक वाजलं. अश्विनी शाळेतून आली. गावातल्याच इंग्लिश मीडियम शाळेत शिकवायची. खांद्याला पिशवी, बोटांना मार्करची शाई. मला बघून दारातच थबकली.

“मॅडम, अप्पांचं काही वाढलंय का?”

भाऊंनी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं त्यांच्या.

“सांगा मॅडम. हिला बी सांगा. फक्त बाहेर जाऊ देऊ नका.”

“माझ्याकडून जाणार नाही भाऊ. घरातून जाऊ देऊ नका म्हणजे झालं.”

संशोधनाच्या लॅबचा निकाल तसाच हातात देत नाहीत. भाऊंचं नव्यानं रक्त घेऊन पेशंटचे रिपोर्ट देणाऱ्या लॅबमध्ये खात्री केली. तेच निघालं. मग आमच्या काउन्सेलर बाईंनी किरण आणि अश्विनीला समोर बसवून सगळं समजावलं. किरण सातपूरला नोकरीला, त्याला एक मुलगी, चिऊ, बालवाडीत जाणारी. दोघा भावंडांनी एकाच दिवशी रक्त दिलं. अश्विनी मला म्हणाली, “दादाला सुईची भीती वाटते, त्याचं आधी घ्या.” जाताना हसत होती पोरगी. मला तिचं फार कौतुक वाटलं.

निकाल यायला वेळ लागतो. तो यायच्या आतच घोटाळा झाला.

शांताबाईंच्यानं राहवलं नाही. त्यांनी आपल्या भावाच्या कानावर घातलं. रडत रडत, विश्वासानं, माहेरचं माणूस म्हणून. आता हा मामा काही दुष्ट माणूस नव्हे. पण तोच लग्नातला मध्यस्थ. आपल्याकडं मध्यस्थाची गत अशी, की उद्या काही निघालं तर दोन्हीकडून त्याच्याच तोंडात शेण. त्यानं दोन रात्री विचार केला आणि सरळ चांदवडला जाऊन सांगून आला. रिपोर्ट यायचाय, मुलीत असेलच असं नाही, हेही सांगितलं म्हणे. पण हे दुसरं वाक्य कोण ऐकतं?

आठवड्याभरात तिकडून निरोप आला. पत्रिका पुन्हा दाखवली, मृत्युषडाष्टक निघालं. साखरपुड्याआधी दोन गुरुजींनी बघितलेली पत्रिका! आजाराचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत गेली, इकडून तिकडं आणि तिकडून इकडं.

मला किरणनं फोनवर सांगितलं. माझं टाळकंच फिरलं. मामाचा नंबर द्या म्हटलं, मी बोलते त्याच्याशी. किरण म्हणाला, “राहू द्या मॅडम. आई दोन दिवस जेवली नाहीये, त्यात आणखी कशाला.”

मग रिपोर्ट आले. काउन्सेलर बाईंच्या खोलीत मीही होते. अश्विनीच्या रक्तात दोष नव्हता. किरणच्या होता.

ज्या गोष्टीवरून लग्न मोडलं, ती त्या पोरीत मुळात नव्हतीच. आणि किरण शेजारी बसलेला. आनंद करावा तरी कसा? अश्विनीनं किरणचा हात धरला तो सोडलाच नाही.

“आणि चिऊला?” किरणनं विचारलं.

“ती मोठी झाली की तिची ती ठरवेल, तपासायचं की नाही,” काउन्सेलर बाई म्हणाल्या. “लहान मुलांची ही टेस्ट करत नाहीत. शक्यता निम्मी.”

किरणच्या स्वतःच्या नियमित तपासण्या ठरल्या. तो मान हलवत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं.

भाऊ तेव्हा आमच्याच वॉर्डात होते. पाठीच्या दुखण्यानं कूस बदलता येत नव्हती. मुलांनी त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर मला म्हणाले, “मॅडम, एक काम करा. अश्विनीच्या रिपोर्टची एक झेरॉक्स द्या.”

“कशाला भाऊ?”

“मेव्हणा चांदवडला परत जाऊन आला. ते म्हणत्यात, कागद दाखवा, मग बघू.”

मृत्युषडाष्टक कुठं गेलं, कोण जाणे.

“भाऊ, रिपोर्ट अश्विनीचा आहे. तिनं सांगितलं तरच देता येईल.”

अश्विनी पलंगाच्या पलीकडं मोसंबी सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. “नाही द्यायचा,” म्हणाली.

“अगं, तू ओके हायेस! कागदावर हाय तसं. ते यायला तयार हायेत.”

“अप्पा, मी ओके आहे असं दाखवलं, की पुढचा प्रश्न काय येईल? मग खराब कोण? घरात आम्ही दोघंच. दादाचं नावसुद्धा घ्यावं लागणार नाही. आणि दादा झाला की चिऊ. ती अजून ‘क’ गिरवतीये. तिच्या गळ्यात आत्तापासून तुमच्या कंपनीतला तो लाल टॅग अडकवू? माझं लग्न व्हावं म्हणून?”

शांताबाई पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या. मला खरं तर उठून जायला हवं होतं, घरगुती बोलणं होतं ते. पण मी बसून राहिले.

“आणि अप्पा,” अश्विनी म्हणाली, “कागद बघून जे येतील, त्यांना उद्या मला ताप आला तरी कागद लागेल.”

भाऊंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुखतंय, सिस्टरला हाक मारावी. तर ते बोलायला लागले. माझ्याशीच बोलत होते.

“मॅडम, आयुष्यभर लॉट परत पाठवले मी. एक पीस खराब, सगळा लॉट परत. समोरचा सप्लायर हातापाया पडायचा, साहेब बाकीचे बघा, बाकीचे चांगले हायेत. मी म्हणायचो, नियम हाय. त्या गाड्या भरून परत जायच्या. त्यातले चांगले किती होते, कोणी बघितलं?”

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

“नको देऊ झेरॉक्स,” ते अश्विनीला म्हणाले. “मला कळलं तू ओके हायेस. बास.”

ते घरी गेले आणि उन्हाळ्यातच वारले. लग्नासाठी बुक केलेल्या हॉलची तारीख अजून यायची होती. दहाव्याला मी गेले होते. मामा कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. त्याला चार शब्द सुनावायचे असं मी बसमध्ये ठरवून गेले होते, पण त्याचा चेहरा बघून जीभ उचलेना. खरं बोलणारा माणूस तो. त्याला काय बोलणार?

हॉस्पिटलच्या हिशेबात हे प्रकरण यशस्वी म्हणून गणलं गेलं. दोष वेळेवर सापडला, दोघांची तपासणी झाली, एकावर देखरेख सुरू झाली. साहेबांनी एका मीटिंगमध्ये नाव न घेता उदाहरण म्हणून सांगितलंसुद्धा. त्यांचं चूक नाही. किरणला पुढे काही झालंच तर ते लवकर हाती लागेल, आणि ते निवृत्तीभाऊंच्या दोन नळ्या रक्तामुळं.

किरण तपासणीला येतो तेव्हा अश्विनी बरोबर असते. सुईच्या वेळी त्याचा हात धरते. तिचं लग्न अजून झालेलं नाही. स्थळं येतात. वडील कशानं गेले आणि ते घराण्यात आहे, हे ती पहिल्याच भेटीत स्वतः सांगते. स्वतःच्या रिपोर्टविषयी मात्र अवाक्षर नाही. बहुतेक मंडळी चहा पिऊन जातात आणि मग पत्रिका जुळत नाही.

“कंटाळा नाही येत?” मी एकदा विचारलं.

“येतो ना. पण चिऊच्या वेळेला लोकांना हे ऐकायची सवय झालेली असेल,” ती म्हणाली.

मी अजून त्याच खुर्चीवर आहे. फॉर्म पुढं सरकवण्याआधी आता मी विचारते, घरात लग्नाचं कुणी आहे का? साहेब म्हणतात, हा प्रश्न प्रोटोकॉलमध्ये नाही. नसू दे. कुणी ‘आहे’ म्हटलं तर मी सही घेत नाही. घरी जा म्हणते, ज्यांचं तुमचं रक्त एक आहे त्यांच्याशी बोला, मग या. तरीही कुणीकुणी शेवटच्या मुद्द्यावर ‘नको’ म्हणतं. पूर्वी मी अशांना मनातल्या मनात भित्रं म्हणायचे. आता नाही म्हणत. त्यांना जनुक कळत नसेल, पण आपल्याकडची माणसं चांगली कळतात.